अडीच तासांत कागल

तिकिटावर लिहिलंय : सांबरा ते दिल्ली, दोन तास पस्तीस मिनिटं.
बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून ते तीनदा वाचलं,
मग विचारलं, "जेवायला कुठं थांबतंय?"

चौतीस वर्षं त्यांनी बेळगावची रताळी
आझादपूरच्या मंडईत नेऊन उतरवली.
ट्रकच्या डाव्या दारावर रेणुकामातेचं नाव मराठीत,
उजव्या दारावर कन्नडात,
म्हणजे कुठल्याही बाजूनं अडवलं तरी देवी आपलीच.
त्यांच्या नकाशात किलोमीटर नव्हते.
हत्तरगीला चहा.
तवंदीच्या घाटात पहिला गिअर, क्लीनर रुद्राप्पा दगड घेऊन चाकामागं चालत.
कोगनोळीच्या नाक्यावर कागद, कागदाखाली नोट.
सेंधव्याला टायर थंड करायचे.
धौलपूरला आंघोळ, कारण तिथल्या विहिरीचं पाणी गोड.
चौथ्या दिवशी दिल्ली, कधी पाचव्या.

सांबऱ्याला घोषणा कन्नडात झाली, हिंदीत झाली, इंग्रजीत झाली.
चौथ्या भाषेत बाबाच म्हणाले, "चला."

विमान उठलं. कुंपणापलीकडं मुतग्याची शेतं,
रताळ्याचे तांबडे वाफे, मग नुसताच तांबडा रंग.
मी सांगत होते, हे सरळ रेषेत जातं बाबा,
साडेचौदाशे किलोमीटर, रस्त्यानं अठराशे.
"मग मधले साडेतीनशे कुणी खाल्ले?"
मला उत्तर आलं नाही.
थोड्या वेळानं काचेला नाक लावून,
"नाका कुठं गेला?"
वरून नाका दिसत नाही.
"दिसत न्हाई. खरं असतोय की."

मग ते गप्प झाले.
खाली ढग होते, पिंजून टाकलेल्या गादीसारखे,
आणि शेजारचा मुलगा झोपेत माझ्या खांद्यावर कलत होता.

अठ्ठ्याण्णव सालच्या भाद्रपदात
आई गेली ते त्यांना ग्वाल्हेरजवळच्या ढाब्यावर कळलं,
फोन करायला गेले होते रताळ्याचा दर विचारायला.
पोचले तेव्हा राख सावडून झाली होती,
भावाच्या तुळतुळीत डोक्यावर
बारीक केस टोचायला लागले होते.
बाबांनी त्या डोक्यावर हात ठेवला
आणि तसाच ठेवून बसले. आम्ही जेवायला वाढलं तरी.

दोन तास होत आले.
त्यांनी घड्याळ बघितलं. "आता ग्वाल्हेर असंल."
असेल, मी म्हटलं.
ते मांडीवर रुमालाखाली बोटं मोडत काही मोजू लागले,
ढाब्यापासून काहीतरी, सांबऱ्यापर्यंत काहीतरी,
तिथून घर रिक्षानं पंचवीस मिनिटं.
बेरीज पुन्हा केली. पुन्हा तेवढीच आली असावी.
मी विचारलं नाही.
पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट होतं, ते काढून दिलं.

चाकं टेकली तसे ते हसले,
"अडीच तासात मी कागलला पोचायचो. तेबी घाट मोकळा असला तर."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला मंडईत नेलं.
ओमवीर आडत्याच्या गाळ्यावर आता त्याचा नातू,
तो ओळखला नाही, पण खुर्ची दिली.
बाबांनी पोत्यात हात घालून एक रताळं काढलं,
अंगठ्यानं माती खरवडली, नाकाशी धरली.
तांबडी.
"कधी भरलेला माल?"
"रविवारी, ताऊ."
बाबांनी बोटांवर मोजलं, या वेळी उघड्यावर :
सोम, मंगळ, बुध.

"ही पोचली," ते मला म्हणाले,
रताळं परत पोत्यात ठेवत, हलक्या हातानं,
"आपण अजून वाटेत हाय."